डावखुरा

काकाने जन्मात धनुष्य धरलं नव्हतं.
एकेचाळीसच्या मार्चमध्ये, ब्राँक्सच्या स्वयंपाकघरात
त्याने कोटाचा हँगर घेतला,
पँटचा गॅलिस त्याला ताणून बांधला
आणि म्हणाला, "रोशा, दिवा जरा वर धर."
मी नऊ वर्षांची. हात भरून आला तरी दिवा हलू दिला नाही.
भिंतीवर सावली पडली,
आणि सावलीकडचं धनुष्य मात्र खरं होतं.

लेझर पिन्स्की, माझा काका, डावखुरा.
म्हणून त्याचा तिरंदाजही डावखुरा.
कोणी ठरवलं नव्हतं.

तिसऱ्या अंकापर्यंत त्याला नाव नव्हतं.
संपादक म्हणे, पक्ष्याचं ठेव, पक्षी खपतात.
काकाला पक्षी तीनच ठाऊक :
कबूतर, चिमणी आणि शुक्रवारच्या रश्शातली कोंबडी.
आईने शब्दकोश उघडला. कर्ल्यू.
चोच बघ, म्हणाली, ओढलेल्या धनुष्यासारखी वाकडी.

पोशाख राखाडी हवा होता, पण छापून आला विटकरी.
ब्रिजपोर्टच्या कारखान्यात रंगांच्या पट्ट्या कापणाऱ्या
एटेल्का नावाच्या बाईची चिठ्ठी आली :
"या कागदावर राखाडी वाळला की जांभळा दिसतो.
मी विटकरी केला. माफ करा."
काकाने ती चिठ्ठी आयुष्यभर पाकिटात ठेवली.
अंकावर तिचं नाव नाही.

चेकच्या पाठीवर बारीक ठशात एक वाक्य असायचं.
सही केल्याशिवाय पैसे नाहीत,
आणि सही केली की कर्ल्यू आपला नाही.
काकाने डाव्या हाताने सही केली.
त्या आठवड्यात घरात कोळसा आला,
मला बूट आले.

पुढे नियम आला : बाण माणसाला लागता कामा नये.
मग अकरा वर्षं कर्ल्यूने नुसत्या टोप्या उडवल्या,
बाह्या दाराला खिळल्या,
साबणाचा बाण, भोंग्याचा बाण,
एकदा तर पोस्टाची तिकिटं चिकटवणारा बाण.
त्यानंतरच्या पोरांनी त्याला दारू दिली, घटस्फोट दिला,
मेलेला एक भाऊ दिला,
आणि दोरी ओढायचा हात बदलला.
काका तेव्हा कॅटलॉगसाठी वहाणा काढायचा.
स्टॉलवर अंक चाळला, "हा कोण?" म्हणाला,
आणि घडी न मोडता परत ठेवला.

धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही म्हणतात.
पण चित्रकथेत बाण उडताना दिसतोच कुठे?
एका चौकटीत सुटतो, दुसरीत रुतलेला असतो.
मधल्या पांढऱ्या पट्टीत तो किती वर्षं राहतो
हे कोणी मोजलंय?

आता मी ऐंशीची. भाचीची मुलगी द्वोरा
व्हँकुव्हरला त्या मालिकेत कपडे सांभाळते.
तिकडच्या गल्लीला न्यूयॉर्कच्या पाट्या लावतात.
यून-ही नावाची एक बाई नटाला खांदा कसा ठेवायचा शिकवते,
जवळून दिसतात ती बोटं तिचीच.
आणि बाण? द्वोरा फोनवर हसली :
"बाण नसतोच गं. तो रिकामी दोरी ओढतो,
बाण नंतर कॉम्प्युटरवर काढतात."
मी इतकी हसले की शेजारच्या मिसेस ओकाफोर
विचारायला आल्या, ठीक आहात ना.

शेवटी नावं पळतात.
केशभूषा, जेवणाच्या गाड्या, वकील,
आणि त्यांच्या मागे काका, दोन सेकंद,
आडनावातला एक न गळालेला.
रिमोटवर थांबवायचं बटण कुठलं ते सापडेपर्यंत गेला.

ते राहू दे. चौथ्या भागात
कर्ल्यू न्हाणीघरात एकटा उभा आहे,
जखम धुतो, मग उगाच धनुष्य उचलतो
आणि आरशासमोर दोरी ओढतो.
तो उजवाच.
आरशातला डावखुरा.

खोलीत अंधार होता.
माझा हात वर गेला होता,
आणि बराच वेळ तो खाली घ्यायचं
माझ्या लक्षात आलं नाही.